मागच्या दाराची कडी

अगं बाई, केवढ्यानं ढकललंत दार! थांबा, माझी खुळखुळ जरा थांबू द्या. हं. मी कडी बोलतेय. नांदुऱ्याच्या स्टेशनामागे एक विटामातीचं घर आहे, त्याच्या मागच्या दाराची कडी. आलाच आहात तर बसा. फक्त एकदम उठू नका, मला फार लवकर धसका बसतो.

माझा जन्म बैलगाडीच्या धावेतून झाला. चाकावरची ती लोखंडी पट्टी झिजून निकामी झाली, तेव्हा लोहारानं ती तापवली, ठोकली आणि तिच्यातून माझे दुवे काढले. त्या ठोक्यांची भीती अजून माझ्या अंगात आहे असं मला वाटतं. वारा आला तरी मी वाजते. गाडी आली की वाजते, आणि गाड्या तर नांदुऱ्याला दिवसभर येतात.

घर बांधलं रंगरावांनी. ते कापसातून सरकी काढायच्या जिनात वजनकाट्यावर कामाला होते. समोरच्या दाराला त्यांनी दुकानातून पितळी कडी आणली आणि मागच्या दाराला मला बसवलं. सुरुवातीला मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं की समोर नुसते पाहुणे येतात. मागे विरजण मागायला शेजारीण येते, कैरी लपवून रुख्मिणी येते, मांजर येतं. रुख्मिणी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती मला इतकी हळू काढायची की मीसुद्धा श्वास धरून राहायची. तरीही आतून मनकर्णाबाईंचा आवाज यायचाच, "कैरी खाल्ली का वं? दाखव दात!"

मनकर्णाबाई म्हणजे रंगरावांची बायको, या घराची मालकीण. घर सारवायचं, भांडी घासायची, आणि मधेच उगीच माझ्यावरून ओला हात फिरवायचा, अशी बाई. रंगराव गेल्यावर त्या समोरच्या दारानं बाहेर पडेनाशा झाल्या. कोणी त्यांना तसं म्हटलं नव्हतं. "सकाळच्या पाह्यरी कोनी चांगल्या कामाले निंगालं असन, आपन काऊन आडवं जा," असं त्याच कडूबाच्या बायकोला म्हणाल्या. कडूबा म्हणजे शेजारचा दूधवाला. तेव्हापासून त्या माझ्याच दारानं पाण्याला जायच्या, माझ्याच दारानं बाजाराला जायच्या. मी मनातून सुखावले होते, हे सांगताना मला आता लाज वाटते.

मुंबई राज्याचा महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. रुख्मिणी तेव्हा देऊळगाव राजाला मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि तिचा नवरा एस.टी.त कंडक्टर होता. तिला मुलगी झाली. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली की तान्ह्या पोरीला सांभाळणार कोण? कोणी मिळालं नाही तर नोकरी सोडावी लागणार होती. जावई न्यायला आले. म्हणाले, "आई, चला ना आमच्याकडं. घराला कुलूप लावा."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. "लेकीच्या घरी दोन दिवस ठीक हाये. जनमभर तिच्या ताटावर बसनं माह्याच्यानं होनार नाही. हे घर इकतो, तुमच्या शेजारी खोली घेतो अन् माही चूल मांडतो. मंग पोरगी दिवसभर माह्याजवळ."

म्हणजे आता शाळा उघडायच्या आत घर विकलं जायला हवं होतं. तसं झालं नाही तर रुख्मिणीची नोकरी जाणार. मला रात्रंदिवस घोर लागला. आणि एक घोर माझा स्वतःचा होता: मालक बदलला की जुन्या कड्यांचं काय करतात?

शालिग्राम दलाल आला. मूळचा बैलबाजारातला, अलीकडे घरांचेही सौदे करायचा. त्यानं घराभोवती चक्कर मारली ती अगदी बैलाभोवती मारावी तशी. भिंतीवर थापसुद्धा मारली. मी दचकले.

"मावशी, बैल बाजारात न्याच्या आधी शिंगं रंगवतात का नाही? तसंच हे."

मग शिंगं रंगवणं सुरू झालं. उत्तरेची भिंत खारामुळे पायाशी फुगायची, पोपडे धरायची. तिला चुन्याचे हात दिले. दारांना गेरू लागला. समोर आंब्याचं तोरण बांधलं. अंगण भरलेलं दिसावं म्हणून कडूबाची गाय आणून बांधली; तिनं तोरण खाल्लं, दुसरं बांधलं. मला चक्क गोडेतेल मिळालं! आणि विहिरीचं पाणी... आमच्या पट्ट्यात जमिनीतच खार आहे हो. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. शालिग्रामनं लांबच्या गोड्या विहिरीवरून पाणी आणवलं, नव्या माठात भरलं आणि माठ समोरच्या ओसरीवर मांडून त्यावर वाळ्याची जुडी ठेवली.

सगळं झाल्यावर तो घुटमळला. डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"मावशी, एक सांगू? राग नोका मानू. गिऱ्हाईक आलं का तुम्ही जरा मागं, सैपाकघरात बसजा. लोकं काय काय पाह्यतात..."

"समजलं मले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी सोताच बसनार होतो."

गिऱ्हाइकं येत गेली, जात गेली. मृग जवळ आला. त्या दुपारी वरवट बकालचे लोक यायचे होते: धान्याची आडत घालायला नांदुऱ्यात येऊ पाहणारा निवृत्ती आणि त्याची बायको गीताबाई. समोर बैलगाडी थांबली. मनकर्णाबाईंनी मधलं दार ओढून घेतलं, मला लावलं आणि चुलीपाशी पाटावर बसल्या, स्वतःच्याच घरात चोरासारख्या. समोरून शालिग्रामचा आवाज येत होता, "हवा पाहा! उजेड पाहा!"

तेवढ्यात दारावर थाप. मी अशी खणखणले की मनकर्णाबाईही उठून उभ्या राहिल्या.

"पानी भेटन काय वं माय? घसा सुकला."

दारात एक म्हातारी होती. काटक, उन्हानं लाल झालेली, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. मनकर्णाबाईंनी तिला आत घेतलं. म्हातारी कोपऱ्यातल्या विहिरीच्या घागरीकडं वळली तर त्या पटकन म्हणाल्या, "ते नोका घेऊ! खारट हाये." त्यांनी स्वतःच्या गडव्यातलं गोडं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. "हळू बोलजा. समोर घर पाहाले मानसं आले."

"असं? अन् घर तुमचंच?"

"हाव."

"मंग तुम्ही काऊन इथं लपल्या?"

मनकर्णाबाईंनी नुसतं कपाळाला बोट लावलं. म्हातारीनं आपला पदर मागं सरकवला. तिचंही कपाळ तसंच, कुंकवाविना होतं.

"मलेही म्हने, सावलीत थांब, पयले आम्ही जातो," म्हातारी म्हणाली. तिचं नाव तानुबाई. "कसं हाय वं घर?"

अन् आमच्या मनकर्णाबाई, ज्यांना एवढंही सुचलं नाही की समोर माणसं आणि मागे म्हातारी एकाच गाडीतून आली असतील, त्या मोकळ्या झाल्या! मला वाटलं होतं बाहेर निसटून त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. पण मला हात कुठले? उत्तरेच्या भिंतीला धान्य ठेवायचं नाही, पोतं भिजतं. धूर पूर्वेच्या वाऱ्यात घरात फिरतो. मालगाडी आली की मांडणीवरची भांडी बोलतात. विहीर खारट, पण भांड्याला, सारवायला चालते. सगळं सांगितलं, लेकीच्या खोड्या सांगाव्या तशा मायेनं. मग रुख्मिणीचं, तिच्या शाळेचं, तान्ह्या नातीचंही सांगितलं.

"आई! कुठी गेली वं? ये आता, पाह्य ना घर!" समोरून निवृत्तीची हाक आली.

"आली रे," तानुबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंच्या हातून गडवा पडला. तो जमिनीवर घरंगळला आणि त्याच्याबरोबर मीही थरथरत राहिले.

तानुबाई मधलं दार उघडून ओसरीवर गेल्या. "शालिग्रामभाऊ, पानी पाजा बरं."

"घ्या आई, माठातलं गारगार!"

"माठ इकत घेऊन राह्यलो का आम्ही? विहिरीचं पाजा."

विहिरीचं पाणी निवृत्तीनंही चाखलं. मला ते दिसलं नाही, पण चूळ टाकल्याचा आवाज आला. मग "कळवतो" असं कोणीतरी म्हणालं आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर गेला.

शालिग्राम स्वयंपाकघरात येऊन कपाळाला हात लावून बसला. "मावशी, बैलाचे दात गिऱ्हाइकानं मोजावे. आपनच त्याचा जबडा फाकून काऊन दाखवावा?"

"मले काय ठाऊक ते त्यांचेच हाये म्हनून?"

"अन् ठाऊक असतं तं?"

मनकर्णाबाईंनी विचार केला. "तरी पानी खारट हाये असं सांगतलंच असतं. लेकरंबाळं येतीन ना राहाले."

शालिग्राम हसला की रडला, कळलं नाही. कडूबाची गाय तेवढी सोडून घेऊन गेला.

नंतरचे दिवस माझ्यासाठी फार वाईट गेले. दूधवाला आला तरी मी घाबरायची, शेजारीण आली तरी घाबरायची. मनकर्णाबाईंनी नातीसाठी शिवलेली दुपटी पेटीतून काढली, घडी मोडली, परत घातली. देऊळगावचा निरोप आला होता: रुख्मिणीनं राजीनामा लिहून ठेवलाय.

आणि मग ती थाप. यावेळी मी ओळखली. मी वाजले, पण भीतीनं नाही.

"आतच येतो," म्हणत तानुबाई पाटावर बसल्या. "निवृत्ती म्हने पानी खारट. म्या म्हटलं, तू वरवट बकालच्या कोनत्या गोड्या पान्यावर लहानाचा मोठा झाला बे? खोटं बोलनारा माठ होता, बाई खरी होती. इसाराचे पैसे घेऊन तो शालिग्रामकडं गेला हाय. पन माही एक अट हाये. घर मी तुमच्या हातून घेईन. त्या दिवशी तुम्ही इथं चुलीपाशी बसाल, तं मी उंबऱ्यात पाय ठेवनार नाही."

ताबा द्यायच्या दिवशी मी आपली मागे, माझ्या दाराला. समोर काय झालं ते फक्त ऐकलं. शालिग्राम म्हणाला, "किल्ली सवाष्णीच्या हातानं सवाष्णीले देऊ द्या." तानुबाईंचा आवाज आला, "हे घर आजवर कोनी सारवलं? तिच्या हातानं माह्या हाती येऊ द्या." मग किल्ल्यांचा आवाज. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्या जरा जास्तच वाजल्या. गीताबाई दोघींच्या पाया पडली असावी, कारण पाठोपाठ दोन वेळा "सुखी राह्य" ऐकू आलं.

जाण्याआधी मनकर्णाबाई तानुबाईंना घेऊन माझ्याकडं आल्या. "दार थोडं वर उचलून कडी काढजा. नाहीतं अडकते बिचारी." आणि माझ्यावरून हात फिरवला, तो ओला हात. मी त्या दिवशी मुळीच वाजले नाही. मला वाजायचं नव्हतं.

राजीनामा रुख्मिणीनं चुलीत घातला, हे जावयांकडून कळलं. ते जातं न्यायला आले होते. नात आता आजीच्या खोलीतून आईच्या खोलीत रांगत जाते म्हणे, आणि वाटेत जे सापडेल ते तोंडात घालते.

माझं बरं चाललंय. मला कोणी काढून टाकलं नाही. उत्तरेची भिंत परत फुगलीय, गीताबाई तिला नावं ठेवते, आणि मालगाडी आली की आता नव्या भांड्यांची मैफल होते. मी अजून दचकते. ते काही जाणार नाही.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी पाहुणे आले, समोर हसणं-बोलणं रंगलं, की कोणाला तरी एकदा मागच्या दाराशी पाठवा. उन्हात कोणी थांबलेलं असेल, किंवा आत कोणी बसून राहिलेलं असेल. आम्हा कड्यांना काढायला फार जोर लागत नाही हो. एक बोट पुरतं.