मोहोर की बुरशी?

मित्रांनो, मी सिगार ठेवायची एक जुनी लाकडी पेटी आहे. सिगार ही तुमच्या कामाची वस्तू नाही, मोठे झालात तरी नाही. पण काल माझ्या पोटात जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, तेव्हा ऐकाच.

एका सुताराने देवदाराच्या फळ्यांना रंधा मारून मला घडवलं. झाकण असं चपखल बसवलं की आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर. दुकानाचे मालक, म्हणजे बाबा, हाताने सिगार वळायचे आणि माझ्यात मुरत ठेवायचे. तंबाखूला किंचित ओलावा लागतो, म्हणून कोपऱ्यात एक ओला स्पंज. बाबा मला काउंटरवर ठेवायचे. गिऱ्हाइकं झाकण उघडून नुसत्या वासानेच खूश व्हायची. काय मिरवले मी तेव्हा!

मग बाबा गेले. त्यांच्या हातचे शेवटचे सिगार विकायचे नाहीत, असं दोघा मुलांनी ठरवलं. पुढे दोघांचं बिनसलं. कशावरून, तर दुकानाच्या पाटीला रंग कोणता द्यायचा यावरून. एकाच दुकानात बसायचे, पण अबोला. मी मागच्या फळीवर गेले. धूळ साचली, बिजागरी कुरकुरू लागली. स्पंज तेवढा ओला व्हायचा, जरा जास्तच. ते सांगते पुढे.

काल धाकट्याने खूप दिवसांनी झाकण पुरतं उघडलं आणि त्याचा चेहराच पडला. सिगारांवर पांढरं काहीतरी दिसत होतं.

"बुरशी," तो भिंतीकडे बघून म्हणाला, कारण भावाशी बोलायचं नव्हतं.

थोरल्याने मान वाकडी करून पाहिलं. "टाकावे लागणार," तोही भिंतीलाच म्हणाला.

बाबांच्या हातचे सिगार, आणि कचऱ्यात? धाकट्याने मला कचऱ्याच्या डब्यावर तिरकं धरलंसुद्धा.

तेवढ्यात त्यांची आक्का आत आली. "थांब रे, आधी नीट बघ तरी." तिने काळा कागद पसरला आणि एका सिगारवर मऊ ब्रश फिरवला. बारीक, चमकती भुकटी झडली. खालचं पान तुकतुकीत, कुठे डाग नाही. तिने वास घेतला. "बाबा याला मोहोर म्हणायचे. पानातलं तेल वर येऊन सुकतं. छान मुरलेत." माझा जीव भांड्यात पडला.

पण स्पंजजवळचे दोन सिगार उचलून तिने उजेडात धरले. त्यांच्यावर हिरवट, केसाळ ठिपके होते. ब्रश फिरवला तरी डाग राहिला, वासही कोंदट. "ही मात्र बुरशी. स्पंज नुसता निथळतोय. यात पाणी कोण घालतं?"

"मी," दोघेही एकदम म्हणाले.

मला सगळं ठाऊक होतं हो! सकाळी थोरला झाकण जरासं उचलून गुपचूप पाणी घालायचा, संध्याकाळी धाकटा. भावाला कसली पर्वा, आपण नाही बघितलं तर बाबांचे सिगार सुकतील, असं दोघांनाही वाटायचं.

"मला काय माहीत तू घालतोस," थोरला म्हणाला. या वेळी भिंतीला नाही, थेट भावाला.

"बोलत होतास का तू?"

"तू तरी?"

"खुशाल भांडा," आक्का म्हणाली, "पण असंच, तोंडाने भांडा."

ते दोन सिगार गेले, बाकीचे वाचले. मला कोरडं पुसून पुन्हा काउंटरवर ठेवलं. आज सकाळी थोरल्याने स्पंज दाबून पाहिला आणि हाक मारली, "अरे, मी पाणी घातलं नाही. संध्याकाळी तू बघ."

मित्रांनो, काही पांढरं दिसलं की लगेच टाकू नका. आधी कुणा जाणत्याला दाखवा. आणि एखाद्या गोष्टीला तुम्ही जपत असाल, तर घरात तसं सांगून ठेवा. मला सगळं दिसत होतं, पण पेटीला बोलता कुठे येतं?