उघडमीट

नवी सिस्टर ज्याचे रक्त काढी, त्याच्या रक्तात पोटॅशियम जास्त निघे. रुग्ण तरुण असो वा म्हातारा, मूत्रपिंडाचा असो वा मोडक्या मांडीचा, आकडा चढलेला असे. त्याच रुग्णाचे रक्त दुसऱ्या एखाद्या सिस्टरने काढले, की आकडा उतरलेला असे.

वॉर्डात ती सर्वांत शेवटी आली, म्हणून तिला सगळे 'नवी' म्हणत. प्रोबेशन संपून ती कायम झाली, की तिच्या जागी दुसरी कोणी नवी येईल आणि हे नाव सुटेल, असा तिचा हिशेब होता.

घरी वडील शिंपी. त्यांची नजर अधू झाली तेव्हा थोरली बहीण मशीनवर बसली आणि धाकटीने शिकायचे ठरले. ठरवले ताईनेच. "मशीन एक आणि बायका दोन. रोज भांडणं होतील," एवढेच कारण तिने दिले, आणि त्या विषयावर घरात पुन्हा कोणी तोंड उघडले नाही.

नर्सिंग स्कूलमध्ये शरीरशास्त्र तिला तोंडपाठ होते. हाडांची नावे झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. पण जिवंत माणसाच्या हातात तिला शीर सापडत नसे. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात वर्गातल्याच एका मुलीच्या हातात तिने सुई खुपसली, फिरवली, बाहेर काढली. नळी कोरडी ती कोरडीच. नापास झाली. घरी येऊन सांगितले तेव्हा ताई काजे करत होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "ठीक आहे. मीही पहिली बाही उलटी लावली होती."

ट्यूटर बाईंनी मात्र तिला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतले. बाई तोंडाच्या फटकळ, पण मुलगी वाया जाऊ द्यायची नाही असा त्यांचा बाणा.

"अगं, तू शीर शोधत बसतेस. शीर शोधायची नसते, बोलवायची असते. हा पट्टा बांध दंडाला. करकचून. लाजू नकोस. आता पेशंटला सांग, मूठ उघडा, मिटा. जोरात. आणखी जोरात. नळी भरेपर्यंत थांबू द्यायचं नाही."

बाईंच्या स्वतःच्या हातावर निळी शीर दोरीसारखी तटतटून वर आली. नवीने सुई लावली आणि नळीत रक्त आले. त्यानंतर ती रोज संध्याकाळी ताईच्या हातावर सराव करू लागली. ताईने पुरेपूर सोसले, पण गप्प बसून नव्हे. "हाताची चाळण केलीस बये. आता निदान पीठ तरी चाळून दे यातून." पुढच्या परीक्षेत नवी प्रात्यक्षिकात पहिली आली. "पोरीच्या हाताला यश आहे," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

शिक्षण संपले आणि नोकरी मिळेना. प्रत्येक ठिकाणी अनुभव मागत. एका कार्यालयात तिने विचारले, अनुभव कुठे मिळतो? कारकून मान वर न करता म्हणाला, "नोकरीत." त्याच्या उत्तरात तर्काची चूक काढता येण्याजोगी नव्हती. अखेर एका इस्पितळात मेट्रननी मुलाखत मध्येच तोडली आणि तिला सरळ एका खाटेपाशी नेले. तिथल्या बाईची शीर कोणालाच सापडत नव्हती. दोन्ही हात टोचून काळेनिळे झाले होते. नवीने पट्टा आवळला, मूठ उघडायला-मिटायला लावली आणि पहिल्याच टोचणीत नळी भरली. मेट्रननी विचारले, "कधीपासून येशील?"

म्हणून वॉर्डात अवघड शीर आली, की तिलाच हाक पडे. आणि अवघड शिरा बहुधा अवघड रुग्णांच्याच असतात. त्यामुळे चढलेल्या आकड्यांचे कोणाला सुरुवातीला नवल वाटले नाही. प्रयोगशाळेने आपल्याकडून पाहिले होते: नळीतल्या रक्तपेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढलेले दिसते, पण त्या फुटलेल्या नव्हत्या, यंत्रही बरोबर होते. डॉक्टर आकडा वाचत आणि औषध लिहीत; पुढच्या वेळी आकडा उतरला, की तो औषधाचा गुण ठरे.

पहिली कुजबुज केली ती वॉर्डातल्या मावशींनी. झाडलोट, बेडपॅन आणि बातम्या ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती.

"नवीचा हात जड आहे गं. रक्त काढलं की माणूस बिघडतंच. काय गं, मूठबिठ मारतेस की काय?"

"मावशी, मूठ मारता आली असती तर आधी तुमच्या तोंडावर मारली असती," नवी म्हणाली. सगळ्या हसल्या, मावशी सगळ्यांत जास्त. पण त्या दिवसापासून मावशींनी स्वतःच्या तपासणीचे रक्त तिच्याकडून काढून घेतले नाही.

घड्याळवाले आजोबा खिडकीजवळच्या खाटेवर होते. जन्मभर त्यांनी घड्याळे दुरुस्त केली होती. मूत्रपिंडे अर्धीमुर्धी थकलेली, पण तब्येत आता स्थिर होती. दुसऱ्या दिवशी घरी जायचे होते. जाण्याआधी एकदा रक्त पाहू, असे डॉक्टर म्हणाले, आणि आजोबांच्या शिरा कागदासारख्या झालेल्या असल्याने हाक नवीला पडली.

"आजोबा, मूठ उघडा, मिटा."

"अगं, चावी देतेस की काय मला?"

"जोरात, आजोबा. थांबायचं नाही."

"एवढं पिळलंस तर स्प्रिंग तुटेल, बाळ. मग मला कोण दुरुस्त करणार?"

शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं मीच करतेय." नळी भरली. नवीने कापूस दाबला आणि तीही हसली.

रिपोर्ट दुपारच्या आत आला. पोटॅशियम इतके चढले होते, की हृदय थांबू शकले असते. हृदयाचा आलेख काढून खात्री करता आली असती, पण ते यंत्र दुरुस्तीला गेलेले. डॉक्टर तरुण होते आणि घाबरले होते. "किडनीचा माणूस आहे, थांबण्यात अर्थ नाही," ते म्हणाले आणि त्यांनी ग्लुकोजबरोबर इन्शुलिन लिहिले. इन्शुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलते. त्याच फेऱ्यात ते साखरही ढकलते, आणि थकलेल्या मूत्रपिंडाच्या माणसात इन्शुलिनचा अंमल लवकर उतरत नाही. औषध नवीनेच दिले. नंतर साखर एकदा तपासली, ठीक होती. आजोबांना डुलकी लागली. "झोपू द्या," आजी म्हणाल्या, "घरी जायच्या आनंदात रात्रभर डोळा लागला नाही त्यांचा."

भेटीच्या वेळी लोक आले तेव्हा आजोबा घामाने निथळत होते आणि हाकेला ओ देत नव्हते. साखर यंत्रात दिसेना इतकी खाली गेली होती. ग्लुकोज ओतले, छाती दाबली, दाबत राहिले. दिवे लागायच्या सुमारास डॉक्टरांनी हात थांबवले. मृत्यूचे कारण म्हणून मूत्रपिंडाचा विकार लिहिला गेला. आजी खाटेच्या कडेला बसून त्यांची मिटलेली बोटे एक एक करून सरळ करत होत्या, आणि बोटे पुन्हा वाकत होती.

हात जड असतो यावर नवीचा विश्वास नव्हता. पण आकडे चढतात हे तिने पाहिले होते. लोक सांगतात ते कारण खोटे ठरले, म्हणून घडलेली गोष्ट खोटी ठरत नाही. तिचे कारण दुसरे असते, एवढेच. तिने सुया बदलून पाहिल्या. नळ्या बदलल्या. नळी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिली. सकाळी काढले, दुपारी काढले. आकडे चढलेलेच. प्रत्येक वेळी ती डॉक्टरांना सांगे, "हे दुसऱ्या कोणाकडून पुन्हा काढून घ्या." डॉक्टरांना वाटले, पोरीचा धीर खचला.

मग वॉर्डात एक निवृत्त शिक्षिका आल्या. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेलेली. डाव्या हाताला सलाईन होते, म्हणून रक्त उजव्या, लुळ्या हातातून काढावे लागले. पोटॅशियम अगदी जिथे असायला हवे तिथे आले. नवीला वाटले, योगायोग. दोनच दिवसांनी एका बेशुद्ध ट्रकचालकाचे रक्त तिने काढले. तेही ठीक. रिपोर्ट हातात धरून ती खाटांच्या मधोमध उभी राहिली. या दोघांत सारखे काय? एक बाई, एक पुरुष, एक म्हातारी, एक तरुण, आजार वेगळे. सारखे इतकेच, की तिने सांगितलेले त्या दोघांनी केले नव्हते. एकीला करता येत नव्हते, दुसऱ्याला ऐकू येत नव्हते.

वॉर्डाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या सिस्टर. नवी त्यांच्यासमोर बाही वर सारून बसली.

"माझं रक्त काढा."

"का गं? बरं वाटत नाही?"

"हात नुसता ठेवते, काही करत नाही. एकदा असं काढा. मग थोडं थांबून, त्याच हातातून, मूठ उघडमीट करत असताना काढा. नळ्यांवर वेगवेगळी नावं टाका."

मोठ्या सिस्टरना वाटले, पोरीला ताप आहे. पण त्यांनी काढले. पहिला रिपोर्ट निरोगी माणसाचा आला. दुसरा रिपोर्ट पाहून प्रयोगशाळेने धावत निरोप पाठवला, की या रुग्णाला ताबडतोब औषध सुरू करा. तो रुग्ण समोर उभा राहून चादरींच्या घड्या घालत होता. मोठ्या सिस्टरनी स्वतःच्या हातावर तेच करून घेतले. तेच आले.

"आजोबा," नवी म्हणाली.

"ते नाव इथे काढू नकोस." मोठ्या सिस्टरनी दार लोटून घेतले. "हे बघ, प्रोबेशन संपत आलंय तुझं. आधी कायम हो. मग काय सांगायचं ते सांग, मी तुझ्या बाजूने उभी राहीन."

"आणि तोवर?"

"तोवर मुठी मिटायचं बंद. गुपचूप."

घरी तिने ताईला सांगितले. मशीन थांबले.

"नोकरी जाईल?"

"जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"दुसऱ्या वॉर्डांत आमच्याच स्कूलच्या मुली आहेत. त्या आजही तसंच काढतायत."

ताईने सुईत दोरा ओवायला घेतला. एकदा हुकला, दुसऱ्यांदाही. "मग मला कशाला विचारतेस? मी शिवण शिकले. हे तू शिकलीस." वडील कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते म्हणाले, "उसवायचं असेल तर लवकर उसव. नंतर कापड फाटतं."

तिने मेट्रनना सांगितले, डॉक्टरांच्या समक्ष. दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट उचलून पुन्हा वाचले. मग म्हणाले, "त्या आजोबांची किडनी खराब होतीच."

"होती. पण त्या दिवशी ते घरी जाणार होते."

"आजींना सांगायचं?" तिने मेट्रनना विचारले.

"काय सांगणार? नसलेल्या आजाराचं औषध दिलं म्हणून?"

"हो."

मेट्रन वाईट बाई नव्हत्या. त्याच दिवशी त्यांनी सगळ्या वॉर्डांना बजावले, की रक्त काढताना मूठ उघडमीट करवायची नाही. आणि नवीला कायम केले नाही. "काम चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या, "पण तू इथे असलीस, तर हा विषयही इथेच राहील." मावशींनी तिला फाटकापर्यंत पोचवले आणि आपण बोललो ते मनावर घेऊ नकोस म्हणाल्या. आजोबांच्या दुकानावर ती जाऊन आली. कुलूप होते. आजी लेकीकडे राहायला गेल्या, असे शेजाऱ्यांनी सांगितले. लेकीचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता.

नव्या अर्जासाठी स्कूलचा दाखला हवा होता. ती गेली तेव्हा पहिल्या वर्षाचे प्रात्यक्षिक चालू होते. मुली जोडीजोडीने बसल्या होत्या आणि खोलीभर एकच सूर होता: उघडा, मिटा, उघडा, मिटा. ट्यूटर बाईंना तिला पाहून मनापासून आनंद झाला. "ही बघा! हिच्या हाताला यश आहे. काय गं, नोकरी कशी चाललीय?"

नवीने सगळे सांगितले, पोटॅशियमपासून इन्शुलिनपर्यंत. बाई ऐकत होत्या, पण डोळे मुलींच्या सुयांवर.

"बाई, या नळ्यांतलं रक्त नंतर कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? मोरीत."

"तपासायला कधीच नाही पाठवलं?"

"धडधाकट पोरींचं रक्त तपासून काय करायचं? परीक्षेत गुण शीर सापडण्याचे असतात." मग, काहीशा चिडून, "मलाही असंच शिकवलं होतं गं. आजवर कोणी तक्रार नाही केली."

कारण असे होते. पट्टा आवळलेल्या हाताची मूठ वारंवार मिटली, की स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडते आणि त्याच हाताच्या रक्तात साठते. उरलेल्या शरीरात ते वाढलेले नसते. स्कूलमध्ये ही पद्धत शिकवली जाई, कारण तिने शीर सापडे. ती चुकीची आहे हे शिकवणाऱ्यांना कळले नाही, कारण सरावात काढलेले रक्त एकदाही तपासले गेले नव्हते. घड्याळवाल्या आजोबांचे पोटॅशियम त्या दिवशी बहुधा ठीक होते.