डायलचा काटा

आप्पांनी लेथच्या वरच्या स्लाइडचं चाक दोन्ही हातांनी सावकाश फिरवलं आणि मान न वळवताच विचारलं,

"हलला?"

"नाही," माई म्हणाल्या.

"नीट बघ. केसभरसुद्धा?"

"सांगितलं ना, नाही. खिळ्यासारखा उभा आहे."

माई स्टुलावर बसल्या होत्या. विणकामाची पिशवी मांडीवर होती आणि तोंड मनगटी घड्याळाएवढ्या डायलच्या अगदी जवळ नेलेलं होतं. एरवी लेथवर जिथे कापायचं टूल बसतं तिथे आज ती डायल बसवलेली होती. तिचं टोक एका जुन्या पोलादी दांड्यावर टेकलं होतं. दांडा एका बाजूला जाड होता आणि दुसरीकडे निमुळता होत गेला होता. चाक फिरवलं की डायल त्या उतारावरून सरकत जायची. स्लाइडचा तिरकेपणा दांड्याच्या उताराशी जुळला, तर काटा जागचा हलायचा नाही. मग नट आवळायचे, जुना दांडा काढायचा, नवं पोलाद चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरायचं आणि त्याच तिरक्या वाटेने कापत जायचं, म्हणजे नव्या दांड्याला जुन्याचाच उतार येतो. काम एवढं सोपं, निदान सांगायला तरी.

आप्पांनी उभा जन्म कारखान्यात असे टेपर कापले होते. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत हा जुना लेथ आणून बसवला, तो खोलीत शिरावा म्हणून दाराची चौकट काढावी लागली होती. टेपरचं त्यांना फार कौतुक. त्याला आटे नाहीत, खिळा नाही, चाप नाही. उतार जुळला तर तळहाताने दाबलेला दांडा भोकात असा धरून बसतो की ठोकल्याशिवाय सुटत नाही. जुळला नाही, तर पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगतो.

नट आवळताना आप्पांच्या अंगठ्याची पट्टी सुटली. त्यांनी ती दातांनी ओढून पुन्हा गुंडाळली.

सगळं सुरू झालं होतं ते या अंगठ्यापासून. चक फिरायचं थांबलंय असं समजून त्यांनी हात घातला आणि ते पुरतं थांबलेलं नव्हतं. जखम फार नव्हती, पण त्यांची लेक नेमकी त्याच दिवशी आली. ती कारखान्यात तपासनीस होती, दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढण्याचाच तिला पगार मिळायचा.

"आप्पा, तुम्हाला दिसत नाही, हे सगळ्यांना दिसतंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन करून घ्या, नाहीतर या खोलीला मी कुलूप घालते."

"मला हातांनी दिसतं."

"हो का? मग अंगठ्याला का नाही दिसलं?"

आप्पांनी अंगठा मुठीत लपवला. माई एकदम मध्ये पडल्या.

"ऑपरेशन म्हणजे काय पोरखेळ आहे? ताईचं काय झालं विसरलीस? चांगली चालत गेली आणि एक डोळा घालवून आली."

"आई, मावशीच्या त्या गोष्टीला जमाना झाला. आता लोक सकाळी जातात आणि दुपारी घरी येऊन जेवतात."

"लोक जाऊ देत. यांना नको असेल तर नको."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोने आपली बाजू इतक्या हिरिरीने घेतल्याचं आप्पांना आठवत नव्हतं. त्यांना भरून आलं. त्या भरात ते बोलून गेले, "एक टेपर कापून दाखवतो. तूच तपास. चुकला तर सांगशील तिथे येतो. बरोबर आला तर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही."

"मंजूर," लेक म्हणाली. "रविवारी माझी तपासायची स्लीव्ह घेऊन येते. मी सूट देणार नाही हां."

अडचण एकच होती. डायलचा काटा आप्पांना दिसत नव्हता. धुक्यातल्या चंद्रासारखी पांढरी चकती तेवढी दिसायची. म्हणून माई आल्या होत्या. आजवर चहा आणून उंबऱ्यावर ठेवण्यापलीकडे त्या कधी या खोलीत आल्या नव्हत्या. तेलाच्या वासाने डोकं उठतं, म्हणायच्या. आता मात्र न कुरकुरता स्टूल ओढून बसल्या होत्या.

"मी तुझे डोळे, तू माझे हात," आप्पा उत्साहाने म्हणाले.

"उलट बोललात."

"तेच ते."

दुपारभर आप्पांनी नवा दांडा कापला. घाई केली नाही. शेवटचे हात इतके हलके घेतले की पोलादाचा कीस केसांच्या गुंत्यासारखा खाली पडत राहिला. दांडा पुसून त्यांनी तो आपल्याजवळच्या स्लीव्हमध्ये घातला. स्लीव्ह म्हणजे आतून तसंच निमुळतं भोक असलेली नळी. तळहाताने दाबला आणि बाहेरचं टोक चिमटीत धरून हलवलं.

टक, टक.

आप्पांनी पुन्हा हलवलं. पुन्हा तोच आवाज. दांड्याचं आतलं टोक धरत होतं आणि तोंडाशी फट राहिली होती. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेची कागदाची पट्टी फाडून फटीत सरकवली. ती गेली. घडी घालून दुहेरी सरकवली. तीही गेली.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"काटा हलला होता," आप्पा म्हणाले. "थोडाथोडका नाही, दहा-बारा घरं तरी. लक्ष कुठे होतं तुझं?"

"माझं लक्ष तिथेच होतं. तुमचाच हात हलला असेल."

"माझा हात?"

"मग काय माझा? मी तर हाताची घडी घालून बसले होते."

आप्पांनी तळवे एकमेकांवर घासले. अलीकडे त्यांची हातांवर तितकीशी खात्री उरली नव्हती. नट आवळताना स्लाइड सरकली असेल. जुना दांडाच झिजलेला असेल. त्यांनी तो स्लीव्हमध्ये घालून बघितला. हातोडी मारून काढावा लागला इतका बसला. म्हणजे दांड्यात खोट नव्हती.

पुन्हा सगळी मांडामांड केली. जुना दांडा, डायल, स्टूल, माई. स्लाइड सरकवण्याआधी डायलचं टोक दांड्यावर दाबून बसवण्यासाठी आप्पांनी आडव्या स्लाइडचं चाक फिरवलं. ते हाताला हलकं होतं आणि अंदाजापेक्षा जास्त फिरलं. त्या पांढऱ्या चकतीत काहीतरी काळं गर्रकन फिरून गेल्याचं त्यांनासुद्धा जाणवलं. अर्धी फेरी तरी झाली असावी. कुणाच्याही नजरेतून सुटू नये इतकी.

ते माईंना सांगणार होते की, थांब, अजून सुरुवात नाही केली. तेवढ्यात माईच म्हणाल्या,

"नाही हलला."

आप्पांनी मान वळवली. माईंचं तोंड डायलकडेच होतं. पापण्या मात्र मिटत-उघडत होत्या, आणि कान आप्पांच्या बाजूला कललेला होता. ते आता काय बोलतील, कुठल्या आवाजात बोलतील, याची वाट बघत असल्यासारखा.

आप्पांचा हात चाकावरच राहिला. मग त्यांनी, आता मुद्दाम, ते चाक तेवढंच उलटं फिरवलं. काळी रेघ परत गेली.

"आणि आता?"

"जागचा हलला नाही. तुम्हाला सांगते ना, खिळ्यासारखा आहे."

आप्पांनी खिशातून फडकं काढलं आणि आधीच पुसलेला पान्हा पुसायला घेतला. माईंच्या मांडीवरच्या पिशवीतून लोकरीचा गुंडा डोकावत होता. आप्पांच्या मनात आलं, ही लोकर घरात कधीपासून आली? माईंचं काम भरतकामाचं. नव्या नवऱ्या त्यांच्याकडे पदर भरून घ्यायला यायच्या. मागे कधीतरी त्यांनी ते बंद केलं आणि आप्पांनी विचारल्यावर कंटाळा आला म्हणाल्या. सकाळचं वर्तमानपत्र वाचणंही सोडलं. छपाई फार बिघडलीये हल्ली, म्हणाल्या. आप्पांनी दुजोरा दिला होता. त्यांनाही ती बिघडलेलीच दिसत होती.

"काय हो, गप्प का?"

"काही नाही. ही डायल खराब झालीये."

"तरी मी म्हणत होते!" माई म्हणाल्या. त्यांचा सुस्कारा आप्पांनी ऐकला.

"काढून टाकू. दुसऱ्या रीतीने करू. तुझी बोटं दे इकडे."

डायलच्या जागी आप्पांनी टोक घासून गोल केलेला पितळेचा तुकडा बसवला. तो दांड्याच्या जाड टोकाजवळ आणला आणि मध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरली. पितळ पुढे सरकवत नेलं, पट्टी चिमटली जाईपर्यंत.

"ओढ. फाडू नको, नुसती ओढून बघ. किती अडते ते लक्षात ठेव."

माईंनी पट्टी ओढली. "बरं."

आप्पांनी वरच्या स्लाइडने पितळ दांड्याच्या बारीक टोकाशी नेलं. "आता इथे ओढ. तेवढीच अडते का?"

"छे. इथे सैल आहे."

आप्पांनी स्वतः ओढून बघितली. त्यांना दोन्हीकडे सारखीच लागली. त्यांनी माईंवर विश्वास ठेवला आणि स्लाइडला लाकडी हातोडीने हलकेच टोला दिला.

"आता?"

"आता उलटं झालं. तिकडे सैल आणि इकडे घट्ट. किती जोरात मारलंत! कापड असतं तर चुणी पडली असती."

"हे कापड नाहीये."

"दिसतंय मला," माई म्हणाल्या. मग त्यांनी नवी पट्टी फाडली.

पुढे बराच वेळ खोलीत फक्त हातोडीचा आवाज होता आणि माईंचं बोलणं. जरा सैल. अजून जरा. हां, नाही, गेलं पुढे. एकदा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मग मिटलेलेच ठेवले. पट्टी बोटांतून अशी सरकत होती की जणू पदर मोजायला घेतला होता. आप्पा कंटाळून चहाचं विचारायला लागले तर म्हणाल्या, "थांबा हो, अजून जुळलेलं नाही."

शेवटी म्हणाल्या, "आवळा आता."

"सारखं झालं?"

"आवळा म्हणते ना. आणि आवळल्यावर परत बघू द्या, तुमचा भरवसा नाही."

रविवारी लेक आली ती चप्पल न काढताच मागच्या खोलीत शिरली. पिशवीतून तिने कारखान्यातली स्लीव्ह काढली आणि निळ्या रंगाची छोटी डबी. आप्पांनी पुन्हा कापलेल्या नव्या दांड्यावर बोटाने वरपासून खालपर्यंत निळ्या रेघा ओढल्या. दांडा स्लीव्हमध्ये घालून जरासा पिळला. उतार जिथे टेकतो तिथेच निळं पुसलं जातं, जिथे फट असते तिथे रेघ तशीच राहते. आता बाहेर काढून बघायचं, एवढंच उरलं होतं.

काढताना तिला हातोडी मागावी लागली.

खिडकीशी जाऊन तिने दांडा उजेडात फिरवून बघितला. पुन्हा फिरवला. माई कोपऱ्यात विणत होत्या, पण सुया फार हळू चालल्या होत्या.

"वरपासून खालपर्यंत," लेक अखेर म्हणाली. "सगळ्या रेघा सारख्या पुसल्यात. आमच्याकडची पोरं असं करून दाखवतील तर मी पेढे वाटीन. कोणी केलं हे?"

"मी आणि तुझ्या आईने."

"म्हणजे काटा आईने बघितला?"

"डायल खराब आहे," आप्पा म्हणाले. "हातांनी केलं. तिच्या."

लेकीने डायलकडे पाहिलं. ती फळीवर पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. मग तिने डबीचं झाकण लावलं. "जिंकलात, आप्पा. ठरलं तसं. आता मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही."

"नको काढूस. डॉक्टरला फोन कर आणि वेळ घे."

"कशाची?"

"डोळ्यांची. कशाची म्हणजे काय?"

"अहो, पण आत्ताच तर जिंकलात!"

"म्हणून तर जातोय. हरून गेलो असतो तर जन्मभर ऐकवलं असतंस." आप्पांनी दांड्यावरचं निळं फडक्याने पुसायला घेतलं. ते त्यांना जवळजवळ दिसतच नव्हतं, म्हणून दांडा सगळीकडूनच पुसत राहिले. "आणि दोघांची वेळ घे. एकाच दिवसाची."

विणायच्या सुया थांबल्या.

"माझी कशाला?" माई म्हणाल्या.

"मला एकट्याला भीती वाटते."

"इतकी वर्षं नाही वाटली ती?"

"आता वाटते."

लेक एकदा वडिलांकडे, एकदा आईकडे बघत राहिली. ती तपासनीस होती. तिने फळीवरच्या डायलकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग ती फोन करायला पुढच्या खोलीत गेली. तिचा आवाज भिंतीपलीकडून येऊ लागला. हो, दोघं, आई आणि वडील. नाही, आईचं आधी कधी तपासलेलं नाही.

माईंनी सुटलेला टाका बोटांनी चाचपून सुईवर घेतला.

"अहो."

"हं."

"त्या दिवशी काटा हलला होता ना?"

आप्पा दांडा पुसायचे थांबले. त्यांनी तो स्लीव्हमध्ये सरकवला आणि तळहाताने दाबला. तो बसला.

"किती हलला होता?"

"थोडासा," आप्पा म्हणाले. "केसभर."