पाचव्या वर्गातली थेडा

"तीन-पाच! यात विचार कसला करायचा?" सासऱ्यांनी चहाची किटली हातात घेत निकाल देऊन टाकला.

आमच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. केनो एम्डेनच्या बंदरात क्रेन चालवतो, मी चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस जाते. लग्न झालं की आमच्याकडे जर्मनीत करवर्ग ठरवावा लागतो. दोघांनी चौथा घेतला, तर ज्याचा कर त्याच्या पगारातून जातो. नाहीतर जास्त कमावणारा तिसऱ्यात जातो, त्याचा कर कमी कापतात, आणि पाचव्यातल्या जोडीदाराच्या पगाराला मोठी कात्री लागते. वर्षाअखेर हिशेब सारखाच होतो, पण दर महिन्याला घरात थोडं जास्त येतं. मला मात्र माझा पगार पुरता माझ्या हातात हवा होता. सासऱ्यांपुढे ते बोलायला जीभ रेटत नव्हती.

"पण बाबा, फेन्याच्या हातात काय उरणार?" केनोने माझ्याकडे बघत विचारलं.

"तुझ्या हातात येतं ना? घर एकच की! थेडाने जन्मभर पाचवाच घेतला. काय बिघडलं?"

थेडा म्हणजे माझी सासू. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करण्यात तिची उमेदीची वर्षं सरली. बाई मुलखाची मितभाषी, पण मी निघाले की गुपचूप माझ्या पिशवीत केक सरकवणार. मला ती फार आवडते.

रविवारच्या चहाला किटलीही सासऱ्यांची नि साखरेचा चिमटाही त्यांचाच. प्रत्येक कपात खडीसाखरेचा एक खडा, तो तडतडला की कडेने साय. पाहुणा असो की घरचा, तीन कप व्हायलाच हवेत. पुरे झालं तर चमचा कपात उभा करायचा.

पहिलाच कप संपवून थेडाने चमचा कपात ठेवला.

सासरे बघतच राहिले. "अगं, बरं नाही का तुला?"

"बरी आहे. बिघडलं काय, ते सांगते. तुझ्या वाढदिवसाची भेट मी तुझ्याकडेच पैसे मागून आणायचे, एनो. आणि तू उरलेली चिल्लर परत घ्यायचास."

केनोला हसू फुटलं, पण आईकडे बघून त्याने ते गिळलं.

"धुलाईघर बंद पडलं तेव्हा बेकारभत्तासुद्धा त्या कापलेल्या पगारावरच बेतला. मला वाटलं, माझ्या कामाची किंमतच तेवढी असेल."

"अगं, पैसा घरातच येत होता ना," सासरे पुटपुटले.

"येत होता. घर चांगलंच चाललं. तू वाईट नव्हतास रे." थेडाने माझ्याकडे मान वळवली. "तुला काय हवंय, पोरी? तोंड उघड."

"चार-चार," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले होते.

"चार-चार," केनो म्हणाला. "आणि वाढदिवसाला मला महागातली भेट पाहिजे!"

सासऱ्यांनी थेडाच्या कपातला चमचा काढला, रुमालाने पुसून बशीत ठेवला आणि साखरेसाठी चिमटा उचलला. थेडाने हात पुढे केला. त्यांनी मुकाट्याने चिमटा तिच्या हातात दिला.

थेडाने आपल्या कपात दोन खडे टाकले. सासऱ्यांनी चहा ओतला आणि साखर तडतडू लागली.