ताईचा उलटा हात

मी एक जुना हार्वेस्टर आहे, मित्रांनो, आणि खरं सांगतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. चौदा हंगाम मी गहू कापला, मळला, टाकीत भरला. एवढं पाहिल्यावर कोणी उगाच माझ्या अंगावरून हात फिरवायला लागलं, की मला आधी संशय येतो.

कारखान्यातून आलो तेव्हा काय थाट होता माझा! माझ्या शिडीवर उभं राहून लोक फोटो काढून घ्यायचे. पहिल्या मालकाचा माझ्यावर फार जीव, पण सगळा तोंडदेखला. "आपल्या गड्याला काय धाड भरलीय," असं म्हणायचा आणि वर्षानुवर्षं माझं एक झाकण उघडायचा नाही. पुढे त्याने नवा, मोठा हार्वेस्टर आणला आणि मी पत्र्याच्या शेडमागे जाऊन पडलो. उंदीर तेवढे न चुकता यायचे, माझ्या वायरी कुरतडायला.

मग एका सकाळी रंगारी आला. तेव्हाच मी ओळखलं, की इथे काहीतरी शिजतंय. तीन वर्षं ज्याने साधा फडका मारला नाही, तो मला रंग कशाला लावील? रंगारी गेल्यावर मालक स्वतः खाली वाकला. माझ्या मळणीच्या ड्रमचं डाव्या बाजूचं बेअरिंग झिजून खरखर करत होतं. त्याने घट्ट ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवला आणि तो लगदा आत ठासून भरला. खरखर बंद झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सांगणार कोणाला?

दोन दिवसांनी एक बहीण-भाऊ मला बघायला आले. भाऊ हसतमुख आणि भारी उतावळा. ताई मात्र एक नंबरची शंकेखोर. गेल्या वर्षी भाड्याचा हार्वेस्टर वेळेवर आला नाही आणि त्यांचा तयार गहू पावसात आडवा होऊन ओंबीतच उगवला होता. तसं पुन्हा झालं, तर शेती सोडावी लागेल, असं ताई बोलून गेली. म्हणून त्यांना स्वतःचं यंत्र हवं होतं.

मालकाने मला पाच मिनिटं चालवून दाखवलं. ताई म्हणाली, अजून चालू द्या. तर म्हणे डिझेल संपत आलंय, चला, चहा घेऊ. ताईने चहाला तोंडही लावलं नाही. पण तोवर भाऊ शब्द देऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं पाने-पक्कड घेऊन हजर! आधी त्यांनी माझा पुढचा रुंद कटर सोडवला आणि ट्रॉलीवर चढवला. मग आरसे काढले, धान्य ओतायचा पाइप दुमडून बांधला. झालं, मी म्हटलं, हे भंगारवाले! तेवढ्यात ताई लांब काठी घेऊन माझी उंची मोजायला लागली. भंगाराची उंची कोण मोजतं? वाटेतल्या विजेच्या तारांखाली आणि पुलाखाली मी मावेन की नाही, ते ती बघत होती.

भाऊ मला चालवत होता. ताई मागून ट्रॅक्टरवर, कटरची ट्रॉली घेऊन. दर अर्ध्या तासाने ती हॉर्न वाजवून मला थांबवायची आणि प्रत्येक चाकाच्या मध्यावर उलटा हात टेकवायची, तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवतात तसा. मला मात्र वाटायचं, ही माझी खोड शोधतेय. सापडली की मला परत पाठवील, आणि तिथे शेडमागे मी कायमचा गंजून जाईन.

शेतावर पोहोचलो तर गहू कडकडीत वाळलेला आणि परवा पाऊस येणार असल्याचा निरोप. भावाला मला थेट पिकात घालायचं होतं. ताई म्हणाली, आधी अर्धा तास इथे अंगणात, रिकामा चालव.

"तुला नक्की संशय कोणाचा आहे, त्याचा की माझा?" भाऊ चिडून म्हणाला.

"ज्याला ज्याला हात लावून पाहिलं नाही, त्या सगळ्यांचा," ताई म्हणाली.

मी चालू झालो. वीस मिनिटांत तो लगदा वितळून गळायला लागला. डावी बाजू भाजत होती, पण मी आवाज दाबून धरला. ताईने मला बंद करायला लावलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि एकेक बेअरिंग तपासत आली. डाव्या बाजूला हात टेकला आणि झटक्यात मागे घेतला. बोटांवर फोड आला होता. तिने झाकण उघडलं, लगदा चिमटीत धरून वास घेतला आणि भावापुढे धरला.

भावाचं तोंड उतरलं. "हे पिकात झालं असतं तर..." एवढंच तो बोलला. एक ठिणगी पुरली असती. चारी बाजूंनी वाळलेला गहू, आणि मधोमध केबिनमध्ये तो स्वतः. मग त्याने विचारलं, की परत पाठवायचा का याला?

माझा जीव टांगणीला लागला.

"खोटं माणूस बोलला," ताई म्हणाली. "यंत्र नाही बोललं."

मेकॅनिक नवं बेअरिंग घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर बहीण-भावाने माझ्या पोटातून उंदरांची घरटी, जुना भुसा आणि कुरतडलेल्या वायरींचे तुकडे टोपलीभर बाहेर काढले. मग मी कापायला लागलो तो थांबलोच नाही. पाऊस आला तेव्हा बांधालगतचा एक लहानसा तुकडा उभा राहिला होता. बाकी सगळा गहू घरात होता. भाऊ दारात बसून रडला, आणि ताईने त्याला रडू दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, पंप असेल. "त्याला काय होतंय" असं म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडू नका. आम्हाला दुखतं, पण बोलता येत नाही. ताई आजही प्रत्येक फेरीनंतर मला थांबवते, किल्ली खिशात टाकते आणि उलटा हात टेकवते. तिचा माझ्यावर अजून विश्वास बसलेला नाही. तो कधीच बसू नये, एवढंच माझं मागणं आहे.