मानल्या बंधवाची ओवी

“सोजरताई, तुझ्या गादीत कापूस कमी अन् ढेकूण जास्त.”

चाळीस कार्तिक उलटले. तरी मौला पिंजाऱ्याचा तो हसरा, खोकल्याने घोगरलेला स्वर फुटल्या कपाशीच्या रानावरून अजून येतो. निळेनिळे आभाळ, काळीकाळी माती, मधे पांढरीपांढरी बोंडे; जणू कुणाची वाट पाहता पाहता भुईचेच केस पिकले.

मौला दारी आला की पिंजणीच्या ताणल्या दोरीतून नाद झंकारे, अंगणात शुभ्र ढग उतरत. त्या ढगांत उभ्या माणसाला सोजर दर भाऊबीजेला ओवाळी. सख्खा भाऊ नव्हता तिला. हा मानलेला, आणि साऱ्या गावाला तिचा दुसरा भाऊ ठाऊक नव्हता.

विष एका दिवसात पिकत नाही. आधी येतो शब्द, तिळाएवढा: ‘आपले’ आणि ‘ते’. मग येते थट्टा, पारावर पानाबरोबर चघळलेली. त्या थट्टेला सारेच हसले. सोजरही हसली, पदराआड, थोडीशी.

मग निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षी रझाकारांनी शेजारचे गाव जाळले. राखेत लेकरू शोधणाऱ्या मायांचा आक्रोश खरा होता, फार खरा. पण त्या आक्रोशाचे बोट धरून कुणी त्याला पिंजारगल्लीत आणले, ज्या गल्लीने कापसाखेरीज काही पिंजले नव्हते.

“मौलाच्या घरी धनुष्य टांगलंय म्हणं,” पारावर एकजण म्हणाला. ती कापूस पिंजायची पिंजण होती. बोलणाऱ्याचीच गादी तिने पिंजली होती. तरी कुणी बोलले नाही.

भाद्रपदात राज्य पालटले. तीळ फुलला होता, जांभळा, कोवळा, दवाने जड. त्या फुलांतून हत्यारे घेतलेली माणसे आली. परकी थोडी, ओळखीची अधिक, नावाने हाक मारावी अशी. बायका-लेकरे सोडली. पुरुष तेवढे ओढ्याकाठी नेले, बापाच्या मागे लेक, लेकाच्या मागे बाप.

एकटा मौला निसटला. सोजरच्या घरात, ज्वारीच्या कणगीआड, श्वास आवळून बसला. सांजावताना त्याची बीबी खातून पदराआड काढा घेऊन आली, खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. आली तशी गेली, सावलीसारखी.

दुसऱ्या दिवशी उन्हे अंगणात उतरायच्या आत माणसे आली, आणि थेट सोजरच्या घरात शिरली. कणगीआडून मौलाला ओढ्याकाठी नेले.

आज, इतक्या वर्षांनी, त्याच ओसरीवर मौलाची लेक हलिमा बसली आहे. हैदराबादेहून आली आहे. कानांवरले केस चंदेरी, डोळे बापाचे. समोर सोजर, वाळल्या शेंगेसारखी.

“वळखलं का, फुफी?”

“बापाची बहीण ना मी. डोळं तर त्याचंच घालून आलीस, मग काय वळखायचं.”

हलिमा किंचित हसली. मग हसू ओसरले.

“अम्मी गेली. मागल्या जुम्म्याला. जाईपर्यंत एकच बोलायची: माझ्याच मागावर आले ते. काढा घेऊन गेले नसते तर तुझा बाबा राहिला असता.” तिने सोजरचे हात हातांत घेतले. “म्हणाली, सोजरच्या घरी जा. तिच्या भावाला मी मारलं. माझ्या नावानं तिची माफी माग.”

कपाशीवरून वारा आला, थांबला. सोजरने हात सोडवून घेतले.

“तुझी अम्मी न्हवं, लेकी. मी.”

तिने घरातल्या जात्याकडे बोट दाखवले.

“त्या पहाटं दोन भाकरी जास्त लागणार म्हणून दळाया बसले. जात्याला हात लागला की तोंडाला ववी येती, आईनं लावलेली सवय. डोळ्यांत झोप, मनात त्यो. अन् त्वांडातून गेलं:

जोंधळा घेतला, आज पायलीला जास्ती,
मानल्या बंधवाची, माझ्या घरामंदी वस्ती.

पुरी गायले अन् समजलं. जातं धरलं. पण ववी कुठं धरता येती? खातून रडत आली तवाच सांगायचं हुतं. न्हाई सांगितलं. तिनं सोताला बोल लावला, मी लावू दिला.”

तिने मान वर केली. आता डोळे चुकवले नाहीत.

“भिंतीपल्याड कान हुते, लेकी. अन् मला भाऊ एकच हुता.”