द्वारा खाजाभाई

मित्रांनो, माझ्या पत्र्यावर अजून अर्धे बिस्किट शिल्लक आहे; उरलेले चित्र गंजाने खाल्ले. होय, मी बिस्किटांचा एक जुना डबा आहे. माझ्यातली बिस्किटे संपली आणि घोडेगावजवळच्या एका वस्तीवर, खाजाभाईंच्या किराणा दुकानात, मी टपालाचा डबा झालो.

वस्तीतल्या साठ घरांना स्वतःचा पत्ता नव्हता. सगळ्यांच्या पत्रांवर एकच ओळ असायची, 'द्वारा खाजाभाई'. पोस्टमन गठ्ठा माझ्यात टाकून सायकलवर टांग मारायचा. वस्तीतली पत्रे खाजाभाईंच्याच हातून बाहेर जायची. कोणी कुठे लिहिले हे त्यांच्या ध्यानात असायचे, म्हणून उत्तर आले की ते बरोबर त्याच घरी पोचायचे. "डबा हाय तवर टपाल हरवत न्हाई," असे ते म्हणायचे. मला अभिमान वाटायचा.

१९९८ साली तो अभिमान उतरला.

वस्तीतल्या भीमराजांची मुलगी सीमा नगरला संगणक शिकत होती. तिथल्या एका क्लासमध्ये शिकवण्याच्या जागेसाठी तिने अर्ज केला. अर्ज स्वतःच नेऊन दिला. काम झाले तरच सांगायचे, म्हणून ती कोणाला बोलली नाही.

एका सकाळी ती चहापत्ती घ्यायला आली होती. तेवढ्यात वस्तीतलेच छगनराव एक फोडलेले पाकीट घेऊन आले. त्यांच्या मुलीचे नावही सीमाच, आणि तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते.

"खाजाभाई, पोराकडच्यांचं म्हणून हे नेलं. नकाराच्या भ्यानं आठ दिस कोनाड्यात ठिवलं. आज फोडलं तर समदं इंग्रजीत! नकार इंग्रजीत देत्यात व्हय?"

पाकिटावर गावाचे नाव सोडले तर 'सीमा, द्वारा खाजाभाई' एवढेच होते. भीमराजांच्या सीमाने पत्र वाचले आणि ती पोत्यावर बसलीच.

"चाचा, हे माझं हाय. उद्या अकराला परीक्षकांसमोर धडा घ्यायचाय. इंटरनेटच्या नव्या पत्त्यांवर. त्यो धडा मी दोनदा वाचला, पन कळला न्हाई."

खाजाभाईंनी कपाळाला हात लावला. "पोरी, चूक माझी. जबाब आला असता तर मी वळखला असता. हे आपसूक आलं. दोन सीमा, एक डबा. कुनाला देऊ?"

सीमाने माझ्याकडे पाहिले. मग पिशवीतले त्या धड्याचे छापील कागद काढून भराभर चाळले.

"चाचा, तुमी आत्ता बोलला तेच ह्यात लिवलंय!"

दुसऱ्या दिवशी एसटीत मी तिच्या मांडीवर होतो.

परीक्षकांपुढे तिने मला टेबलावर ठेवले. ती म्हणाली, जुन्या पत्त्यात बत्तीस जागा असतात. प्रत्येक जागी शून्य किंवा एक. त्यातून सुमारे चारशे एकोणतीस कोटी पत्ते होतात, जगातल्या माणसांहून कमी. म्हणून अनेक संगणक एका पत्त्यामागे राहतात आणि मधले यंत्र कोणाचे उत्तर कोणाला ते लक्षात ठेवते. पण आपसूक आलेल्या निरोपापुढे ते खाजाभाईंसारखेच अडते. नव्या पत्त्यात एकशे अठ्ठावीस जागा आहेत.

मग तिने माझ्यात हरभरा टाकला. एक. एकाचे दोन केले, दोनाचे चार. असे चौसष्ट झाले. "ही सहा वेळा दुप्पट झाली. अजून एकशे बावीस वेळा करायचीय."

माझा तळ जेमतेम झाकला होता, तरी मला वाटले, माझ्यात आभाळ ओतले जात आहे.

"शेवटी एकोणचाळीस आकडी संख्या येते," ती म्हणाली. "मग टपाल थेट ज्याचं त्याला."

"ह्या डब्यालाही पत्ता मिळेल?" एक परीक्षक हसले.

"मिळेल, सर. आणि आतल्या एकेका हरभऱ्यालाही."

हसू विरले. जागा सीमाला मिळाली.

परतल्यावर तिने माझ्या तळावर रंगाने असा एक पत्ता लिहिला. आठ गट, प्रत्येकात चार अंक-अक्षरे. खाजाभाई म्हणाले, "एवढा लांब? पोस्टमन वाचंस्तवर रिटायर व्हईल!" तो पत्ता नुसता नमुन्याचा होता, हे मला ठाऊक आहे. तरी इतकी वर्षे सर्वांची पत्रे सांभाळली, माझा पत्ता कोणी लिहिला नव्हता.

आता वस्तीतल्या घरांना क्रमांक मिळाले आहेत. पोस्टमन दारोदार जातो. माझ्यात खिळे असतात. तक्रार नाही. फक्त मित्रांनो, जुना डबा भंगारात देण्याआधी एकदा उपडा करून पाहा. तळाशी एखाद्या सीमाचे पत्र चिकटलेले असेल, आणि तिचा धडा उद्या अकराला असेल.